डुकरांमधला सर्कोव्हायरस: सगळीकडे असूनही दुर्लक्षित

प्राण्यांना होणाऱ्या विषाणूंपैकी अगदी लहानांत सर्कोव्हायरसची गणना होते. व्यास सुमारे 17 नॅनोमीटर, आणि वर्तुळाकार, एकेरी डीएनए जेमतेम 1,760 अक्षरांचा. कोविडच्या विषाणूचा आरएनए सुमारे 30,000 अक्षरांचा आहे.

बर्लिनमध्ये इल्झे टिशर आणि सहकाऱ्यांना हा विषाणू 1974 मध्ये दिसला, तोही डुकराच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत. पुढे जर्मनीतल्या बहुतेक डुकरांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे आढळली. मुद्दाम संसर्ग करूनही डुकरे आजारी पडेनात, तेव्हा विषाणू निरुपद्रवी ठरला आणि टिशर यांच्या कामाकडे फारसे कोणी वळले नाही.

1991 मध्ये कॅनडातील सॅस्कॅचवान प्रांतात दूध तुटलेली पिल्ले खंगून मरू लागली. त्यांच्यात सापडला सर्कोव्हायरसच, पण वेगळा. मग टिशर यांच्या विषाणूला पीसीव्ही-1 आणि या दुसऱ्याला पीसीव्ही-2 म्हणू लागले. तो नवखा मात्र नव्हता: जर्मनीत जपून ठेवलेल्या 1962 च्या ऊतींतही त्याचा डीएनए मिळाला. म्हणजे विषाणू आधीपासून होता, रोग उशिरा दिसला. पीसीव्ही-2 एकटा असताना डुक्कर सहसा निरोगी राहते. पार्व्होव्हायरससारख्या दुसऱ्या संसर्गाची जोड मिळाली की रोग बळावतो.

डीएनए विषाणू सावकाश बदलतात, हा समजही पीसीव्ही-2 ने मोडला. त्याच्या बदलाचा वेग आरएनए विषाणूंच्या जवळपास आहे. बरेचसे बदल बाह्य कवचाच्या जनुकात होतात, आणि एकाच डुकरात दोन प्रकार असले तर त्यांच्या डीएनएचे तुकडे अदलाबदलही होतात. आधी ‘ए’ प्रकाराचे प्राबल्य होते. 2005 च्या सुमारास ‘बी’ पसरला, नंतर ‘डी’. 2006 पासून आलेल्या बहुतेक लसी ‘ए’ वर आधारलेल्या असूनही तिन्ही प्रकारांच्या रोगाला बऱ्याच अंशी आवर घालतात; संसर्ग मात्र पुरता थांबत नाही.

पीसीव्ही-3 ची नोंद 2016 मध्ये झाली, पीसीव्ही-4 चीनमध्ये 2019 मध्ये आढळला. जनुकक्रम वाचणे स्वस्त झाल्याने असे शोध वाढतच जातील, आणि प्रत्येक शोधाला नव्या साथीची नांदी म्हणण्याचा मोहही. पण पीसीव्ही-3 निरोगी डुकरांतही सापडतो. म्हणून निदानाला नुसती चाचणी पुरत नाही. बाह्य लक्षणे, ऊतींची विशिष्ट हानी आणि त्याच हानीच्या जागी विषाणू, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच रोगाचा दोष सर्कोव्हायरसवर ठेवता येतो.