रिव्हेट ठोकण्यापूर्वीचा थर

मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात वैमानिक अमोल यादव यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. त्या विमानाचा आराखडा त्यांचा स्वतःचा होता. परदेशांत मात्र तयार भागांचा संच विकत घेऊन घरीच विमान जोडणारे हजारो हौशी आहेत. पत्र्याला पत्रा जोडण्याआधी आतून प्रायमर द्यावा की नाही, हा त्यांचा जुना वाद आहे. आपल्या वसतिगृहातील कितीतरी माजी विद्यार्थ्यांचे हात आज शिवाजी उद्यमनगरात, गोकुळ शिरगावात धातूवर चालतात. त्यामुळे हा वाद आपल्याला परका नाही.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो व तोच त्याचे रक्षण करतो, हे खरे. पण विमानाच्या पत्र्यात बळकटीसाठी सुमारे चार टक्के तांबे मिसळलेले असते, आणि हेच तांबे ओल लागली की क्षरणाला निमंत्रण देते. म्हणून अशा पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ लेप कारखान्यातच दिला जातो. ओरखडा पडला, भोक पाडले, कड कापली, की तेथे तो लेप उरत नाही. दोन पत्रे एकमेकांवर बसतात त्या फटीत पाणी शिरले तर लवकर सुकत नाही. पोलादी बोल्ट टेकतो तेथे धोका आणखी वाढतो.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग विमानाचे छत उड्डाणातच उखडले आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. पत्र्यांच्या सांध्यातील चिकटबंध सुटला होता, ओलीने क्षरण झाले होते आणि रिव्हेटच्या छिद्रांपासून तडे गेले होते. खाऱ्या हवेत हजारो उड्डाणे केलेल्या त्या मोठ्या विमानाची तुलना लहान विमानाशी करणे योग्य नाही. पण बिघाड सांध्यातच लपतो, एवढे त्यातून कळते.

प्रायमर न देणाऱ्यांचे म्हणणेही पोकळ नाही. आतून प्रायमर न दिलेली कित्येक जुनी विमाने दशकानुदशके उडाली, आणि प्रत्येक थराचे वजन विमानाला वाहावे लागते. माझे मत असे की, ज्या गावी जून ते सप्टेंबर भिंतींना ओल सुटते, तेथे निदान सांधे तरी सोडू नयेत.

यश प्रायमरच्या डब्यावर कमी आणि स्वच्छतेवर अधिक अवलंबून असते. भोके पाडून, कडांची बर कानसीने काढून झाल्यावर पत्रा हलका घासावा, द्रावकाने तेल उतरवावे व फॉस्फोरिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने धुवावा. मग त्यावर पाणी ओतून पाहावे. पाणी अखंड पसरले तर पत्रा स्वच्छ; थेंब थेंब सुटले तर तेल अजून शिल्लक आहे. यानंतर उघड्या हाताचा स्पर्श नको, कारण घामातील क्षार बोटांच्या ठशासह तेथेच राहतात. सुकताच, त्याच दिवशी, इपॉक्सी प्रायमर व हार्डनर सांगितलेल्या प्रमाणात मिसळून पातळ फवारा द्यावा. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश अधिक हवे. पावसाळी संध्याकाळी घाई केल्यास ओल थराखालीच कोंडली जाते.

येथे एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. विमानांना पूर्वापार लावले जाणारे पिवळट-हिरवे क्रोमेट प्रायमर क्षरण उत्तम रोखतात. परंतु त्यांतील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगास कारण ठरते. तोंडाला रुमाल बांधून फवारणी करणारे कारागीर मी पाहिले आहेत. रुमाल त्या सूक्ष्म कणांना अडवीत नाही, द्रावकाच्या वाफेला तर मुळीच नाही. योग्य काडतुसाचा मुखवटा, हातमोजे आणि वाहती हवा हवीच. वाळलेला क्रोमेटचा थर कोरडा घासू नये. ती धूळही तितकीच घातक. क्रोमेटविरहित प्रायमर आता मिळतात, आणि घरी काम करणाऱ्याने तेच वापरावेत.

रिव्हेट ठोकताना प्रायमर कोठेतरी खरचटतोच. तेथे लहान कुंचल्याने हात फिरवावा, आणि पंखाचा शेवटचा पत्रा बसण्यापूर्वी आतील प्रत्येक कोपऱ्याचे छायाचित्र घेऊन नोंदवहीत तारखेसह चिकटवावे. पुढे तपासणीस येणाऱ्याला तेथे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने पोहोचता येत नाही.