रंधा फळीवर चालतो, बोर्डावर का नाही?

यवतमाळ जिल्हा सागाचा, तसाच कापसाचाही. सागाची फळी जाड वाटली की सुतार रंधा घेतो आणि हवी तेवढी पातळ करतो. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरते ती पऱ्हाटी. तिच्यापासूनही बोर्ड बनतात. १९२४ साली मुंबईत स्थापन झालेल्या, आज 'सिरकॉट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्याचे तंत्र विकसित केले आहे. पऱ्हाटीत लाकडाप्रमाणेच सेल्युलोज व लिग्निन असते. त्यामुळे एरवी चुलीत किंवा शेतातच जळणारी ही काडी लाकडाची जागा घेऊ शकते. मात्र कार्यानुभवाच्या तासाला असा १८ मिमी जाडीचा बोर्ड १२ मिमीच्या खाचेत बसवायची वेळ आली, तर त्यावर रंधा मारू नये.

बोर्ड करताना काड्यांचे बारीक तुकडे करतात, त्यांवर युरिया-फॉर्माल्डिहाइडसारखी राळ फवारतात आणि तो थर तापलेल्या दोन पोलादी तक्त्यांमध्ये दाबतात. तक्त्यांना टेकलेले तुकडे आधी तापून मऊ होतात व घट्ट दाबले जातात. मध्यभागी उष्णता उशिरा पोचते. पुष्कळदा बारीक तुकडे बाहेर आणि जाडेभरडे आत, अशी रचना मुद्दामच केलेली असते. परिणामी दोन्ही पृष्ठभाग दाट, गाभा विरळ. बोर्डाची कापलेली कड निरखून पाहिली तर हे नुसत्या डोळ्यांनाही दिसते.

फडताळावर पुस्तके ठेवली की फळी किंचित वाकते. तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. मधल्या भागाला फारसे सोसावे लागत नाही. (रेल्वेचा रूळ मध्ये बारीक असतो, तो उगीच नव्हे.) म्हणजे गरज आहे तेथेच बोर्ड दाट आहे, आणि रंधा नेमका तोच भाग काढून टाकतो. साध्या एकजिनसी फळीचा ताठपणासुद्धा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. १८ ची १२ मिमी केली, तर तो मूळच्या ८/२७, म्हणजे सुमारे ३० टक्केच उरतो. बोर्डाचा त्याहूनही कमी. शिवाय उघडा पडलेला गाभा पावसाळ्यात ओल शोषून फुगतो, हे वेगळेच.

एकाच बाजूने तासले तर आणखी एक गोष्ट घडते. बोर्डाचे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना तोलून धरत असतात. त्यांतला एक गेला की बोर्डाला बाक येतो. प्लायवूडमधील थर ३, ५, ७ असे विषम असतात, तेही मधल्या थराच्या दोन्ही अंगांना सारखी रचना राहावी म्हणून. वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन सारखी पुठ्ठ्याची कार्डे घ्या. एकाच्या एकाच बाजूस खळ लावून कागद चिकटवा, दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंस. ओला कागद वाळताना आकसतो. त्यामुळे पहिले कार्ड कागदाच्या बाजूला वळते, दुसरे बरेचसे सपाट राहते.

कारखान्यातही जाडी सारखी करण्यासाठी बोर्ड घासतात, पण दोन्ही बाजूंनी आणि थोडासाच. आपण दुकानातून सरळ १२ मिमीचा बोर्ड आणावा. तो नसेल, तर खाचेत जाणारी कडेची पट्टीच तेवढी कमी करावी, म्हणजे बाकीच्या बोर्डाचा पृष्ठभाग शाबूत राहतो. वाळलेली राळ फार कठीण असल्याने रंध्याचे साधे पाते लवकर बोथट होते. पॉलिश कागद वापरणे बरे. घासताना उडणारी धूळ मात्र अगदी बारीक असते, तेव्हा हे काम उघड्यावर आणि नाकाला रुमाल बांधून करावे.