दारावरची खूण

शेवटचा शत्रू पडतो आणि खोली शांत होते. समोर दारं उघडण्याच्या बेतात असतात. कधी एक, बहुतेकदा दोन, क्वचित तीन. प्रत्येक दारावर एक चमकता गोळा आणि त्या गोळ्यात एक चित्र, पुढच्या खोलीतल्या बक्षिसाची खूण. डावीकडे वीज, उजवीकडे डाळिंब. खेळाडूच्या हातात तलवार तशीच असते, पण ‘हेडीस’ या गेममधला सगळ्यात महत्त्वाचा क्षण लढाईचा नसून हाच असतो. एक दार निवडलं की दुसरं त्या फेरीपुरतं कायमचं हुकलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सुपरजायंट गेम्स या छोट्या स्टुडिओने हा गेम डिसेंबर 2018 मध्ये अपूर्णावस्थेतच लोकांसमोर ठेवला, खेळणाऱ्यांचं ऐकत घडवला आणि 17 सप्टेंबर 2020 रोजी पूर्ण स्वरूपात आणला. 2021 मध्ये त्याला बाफ्टाचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांत व्हिडिओ गेमसाठी खास विभाग ठेवला होता, तोही ‘हेडीस’ने जिंकला. कथा ग्रीक पुराणातली. मृत्युलोकाचा राजा हेडीस, त्याचा मुलगा झॅग्रियस. बापाचं घर सोडून, आईच्या शोधात, त्याला पृथ्वीवर पोचायचंय. वाटेत टार्टारस, ॲस्फोडेल, इलिझियम आणि स्टिक्सचं मंदिर. मेला की रक्ताच्या कुंडातून पुन्हा बापाच्याच घरी वर येतो आणि पुन्हा निघतो. दर वेळी खोल्यांचा क्रम वेगळा, बक्षिसं वेगळी.

अशा गेमना रोगलाइक म्हणतात, कारण त्यांचा मूळपुरुष ‘रोग’ नावाचा गेम. 1980 च्या सुमारास सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी तो लिहिला. त्या काळच्या पडद्यावर चित्रं काढायची सोय नव्हती, म्हणून सगळं जग टंकाच्या चिन्हांतून उभं केलं होतं. खेळाडू म्हणजे ॲट द रेटचं चिन्ह. राक्षस म्हणजे इंग्रजी वर्णमालेतली 26 मोठी अक्षरं. उद्गारचिन्ह दिसलं की ते औषधाची कुपी, प्रश्नचिन्ह दिसलं की मंत्राची गुंडाळी. कुपी आहे हे चिन्हावरून कळायचं; ती प्यायल्यावर जखमा भरतील की डोळ्यांपुढे अंधारी येईल, हे प्यायल्याशिवाय कळायचं नाही. चिन्हाने जात सांगायची, तपशील लपवायचा, हा करार तेव्हापासून चालत आलाय. ‘हेडीस’च्या दारांवर तोच करार आहे, फक्त आता तो स्टुडिओची कलादिग्दर्शक जेन झी हिच्या रंगरेषांत उतरलेला.

समजा दारावर त्रिशूळ आहे. आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा शंकर आठवणार, ते साहजिकच आहे. शंख-चक्र दिसलं की विष्णू, डमरू-त्रिशूळ दिसला की महादेव, अशी मूर्ती ओळखायची सवय आपल्याला लहानपणापासून असते. ग्रीकांचंही असंच होतं. त्यांच्या रंगवलेल्या मातीच्या भांड्यांवर देवांचे चेहरे बरेचसे सारखे असतात, ओळख पटते ती हातातल्या वस्तूंवरून. तिथला त्रिशूळ समुद्राचा स्वामी पोसायडनचा. वीज झ्यूसची, गुलाबी हृदय प्रेमाची देवता ॲफ्रोडाइटीचं, द्राक्षं डायोनायससची. शिवाय प्रत्येक देवाला आपला रंग आहे: झ्यूस पिवळा, पोसायडन निळा, एरीस रक्तासारखा लाल, आर्टेमिस हिरवी. धावपळीत आकार नीट दिसला नाही तरी रंगावरून कळतं आणि रंगांचा गोंधळ होणाऱ्याला आकारावरून. एका जागी मात्र नवख्याची फसगत होते. ॲफ्रोडाइटीचं हृदय आणि ‘सेंटॉरचं हृदय’ ही दोन वेगळी बक्षिसं आहेत. पहिलं देवीचा वर देतं, दुसरं तुमची जीवनशक्ती 25 ने वाढवतं. सुरुवातीला झॅग्रियसकडे एकूण 50 च असते, तेव्हा 25 म्हणजे किती मोठी भर, ते लक्षात येईल.

त्रिशूळाच्या दारातून आत गेलात, खोली जिंकलीत, की पोसायडन काका तीन वर समोर ठेवतात. एकच घ्यायचा. तुमच्या मुख्य वाराला लाटेचा जोर मिळेल, की खास वाराला, की झेप घेताना शत्रू मागे फेकले जातील, हे तीन पर्याय दिसल्यावरच कळतं. त्रिशूळ फक्त एवढंच सांगतो की जे काही मिळेल ते समुद्राच्या कुळातलं असेल.

इथून पुढे खूण वाचण्याची खरी कला सुरू होते. समजा झेपेवर पोसायडनचा वर आहे आणि नेहमीच्या वारावर झ्यूसचा. आता या दोन भावांची जोडी जमली. या दोघांचा मिळून ‘समुद्री वादळ’ नावाचा एक जोडवर आहे: पोसायडनच्या जोरावर जो शत्रू मागे फेकला जाईल, त्याच्यावर झ्यूसची वीज पडेल. मूळ वर हातात नसतील तर हा वर समोर येतच नाही. म्हणजे टार्टारसच्या तिसऱ्या-चौथ्या दारात घेतलेली वीज इलिझियमच्या दारातल्या त्रिशूळाची किंमत बदलते. नवा खेळाडू त्रिशूळ पाहून म्हणतो, पोसायडन बरा असतो. मुरलेला खेळाडू त्याच त्रिशूळात समुद्री वादळाची शक्यता पाहतो. खूण तीच, पाहणाऱ्याच्या झोळीत काय आहे त्यावर तिचा अर्थ ठरतो. मला या गेममधली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

डाळिंबाचंही तसंच. डाळिंब आधी घेतलेल्या एखाद्या वराची पातळी वाढवतं. पहिल्या-दुसऱ्या खोलीत, हातात एखादाच वर असताना, ते जवळजवळ वाया जातं. पुढे, ज्या वरावर सगळी मदार आहे तो हाती आल्यावर, तेच डाळिंब सोन्याचं होतं. आणि डाळिंबच का? डिमीटरच्या प्राचीन ग्रीक स्तोत्रात सांगितलेली गोष्ट आहे. हेडीसने परसेफोनीला पळवून नेलं. परत धाडताना तिला डाळिंबाचा दाणा खायला घातला. तो दाणा पोटात गेला म्हणून वर्षाचा काही भाग तिला मृत्युलोकात काढावा लागतो आणि मुलीच्या विरहात आई डिमीटर पृथ्वीवर काही उगवू देत नाही. त्या फळाची शक्ती गेमने नुसती सजावटीसाठी घेतलेली नाही. डिमीटर स्वतःही या गेममध्ये वर देते आणि तिचा वर शत्रूंना गारठवतो, त्यांची चाल मंद करतो. पुराण ठाऊक असणाऱ्याला हिवाळा कुठून आला हे सांगावं लागत नाही.

हातोडा दिसला तर बाकी सगळं बाजूला ठेवून एकदा थांबा. हा डीडलसचा हातोडा, म्हणजे ज्याने क्रीटच्या राजासाठी मिनोटॉरला कोंडणारा भूलभुलैया बांधला, त्या कारागिराचा. तो शस्त्राचा मूळ स्वभावच बदलतो. एका फेरीत तो सहसा दोनदाच हाती लागतो, त्यामुळे मी तरी त्याला सहसा नाही म्हणत नाही. नाणी म्हणजे कॅरॉनचे ओबोल. मृताला स्टिक्स नदीपार नेणाऱ्या नावाड्याला भाडं द्यायचं म्हणून ग्रीक लोक मेलेल्या माणसाच्या तोंडात नाणं ठेवत, तेच हे नाणं. प्रत्येक प्रदेशातल्या मुख्य शत्रूच्या आधी कॅरॉनचं दुकान लागतं, म्हणून नाण्यांची किंमत ते दुकान किती जवळ आहे त्यावर ठरवावी. उद्गारचिन्ह असेल तर आत लढाई नाही, भेट आहे: टार्टारसमध्ये धोंडा ढकलणारा सिसिफस, ॲस्फोडेलमध्ये ऑर्फियसची युरिडिसी, इलिझियममध्ये ॲकिलीसचा पॅट्रोक्लस. तिघेही जाताना काहीतरी हातावर ठेवतात. अशी दारं मी चुकवत नाही.

बक्षिसाच्या खाली कवटी असेल तर मामला गंभीर आहे. आत नेहमीपेक्षा ताकदवान शत्रू उभा असतो. त्या बदल्यात मिळणारा वर चांगल्या दर्जाचा असण्याची शक्यता जास्त. इलिझियमच्या मध्यावर जीवनशक्ती 20 च्या घरात आलेली आहे, एका दारावर कवटीसह तुम्हाला हव्या त्या देवाची खूण आहे, दुसऱ्यावर सेंटॉरचं हृदय आहे. अशा वेळी सात-आठ सेकंद पडदा नुसता पाहत बसणारे खेळाडू मी पाहिलेत. घाई करायला लावणारं घड्याळ सहसा नसतं. गेमने मुद्दाम दिलेली ही उसंत आहे.

आता सगळ्या खुणांच्या भोवती एक पानांची माळ असते, तिच्याकडे पाहा. ग्रीक विजेत्याच्या डोक्यावर असते तशी लॉरेलची. काही खुणांभोवती ती सोनेरी असते, काहींभोवती निळी. सोनेरी माळ म्हणजे या फेरीचं धन: वर, डाळिंब, हातोडा, हृदय, नाणी. झॅग्रियस मेला की ते सगळं जातं. निळी माळ म्हणजे मेल्यावरही शिल्लक राहणारं: अंधार, किल्ल्या, रत्नं, नेक्टर. जांभळा अंधार घरच्या आरशात खर्च करून झॅग्रियसला कायमचं बळकट करता येतं. हा आरसा त्याला रात्रीची देवता निक्सने दिलेला आहे. किल्ल्यांनी नवी शस्त्रं उघडतात. धनुष्याला एक पुरते, तर वज्रमुष्टीला आठ लागतात. रत्नं वापरून घर आणि वाटा दुरुस्त होतात, टार्टारसमध्ये पाण्याचं कारंजं बसवता येतं, त्यात जखमा भरतात. नेक्टर, म्हणजे देवांचं मधुर पेय, कुणाला भेट दिलं की ते आपली एक आठवणवस्तू देतात.

आणि या निळ्या खुणा केवळ पुंजी नाहीत. झ्यूसला नेक्टर दिलंत तर तो अंगठी देतो. ती बोटात घालून निघालात की पुढचा मिळणारा वर झ्यूसचाच. पोसायडनचा शंखही असाच. आरशात पुरेसा अंधार ओतलात तर दारावरची खूण बदलून घेण्याचे फासे मिळतात. आज सोनेरी सोडून निळं दार निवडलंत, तर उद्या सोनेरी दारं तुमचं ऐकू लागतात. म्हणूनच पहिल्या काही फेऱ्यांत, जेव्हा हरणं जवळजवळ ठरलेलंच असतं, तेव्हा निळं दार घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. सोनं त्या फेरीबरोबर जाणार. किल्ली राहणार.

दुसरा भाग ‘हेडीस 2’ सप्टेंबर 2025 मध्ये पूर्ण झाला. त्यात झॅग्रियसची बहीण मेलिनोई निघते, देवमंडळात हेस्टिया, हिफेस्टस, अपोलो येतात, आरशाच्या जागी पत्त्यांचा संच येतो. दारांवरच्या खुणांची व्यवस्था मुळात तीच ठेवली आहे आणि ते योग्यच झालं, कारण पहिल्या भागात शिकलेलं वाचन तिथे थेट उपयोगी पडतं.

ज्यांच्या घरी मूल हा गेम खेळतंय त्यांनी एकदा शेजारी बसून विचारावं: हे दार का घेतलंस? उत्तरात झ्यूसपासून डाळिंबापर्यंत बरंच काही निघेल. आणि ज्यांना स्वतः खेळायचंय पण लढाईची चपळाई नाही, त्यांनी सेटिंगमधला ‘गॉड मोड’ बिनदिक्कत सुरू करावा. त्यात बसणारा मार सुरुवातीलाच 20 टक्क्यांनी कमी होतो आणि प्रत्येक मरणागणिक 2 टक्क्यांनी आणखी कमी होत जातो, 80 टक्क्यांपर्यंत. दारं, खुणा आणि निवड मात्र सगळ्यांना सारखीच मिळते.