लोखंडी कढईचा गंज

शनिवारी शनिशिंगणापूरला जाऊन शनिदेवाच्या शिळेवर तेल वाहणाऱ्या कित्येक घरांत लोखंडी कढई मात्र तेलाच्या एका थेंबावाचून माळ्यावर गंजत पडलेली असते. गंजाने धनुर्वात होतो, या भीतीने ती मोडीतही निघते. वास्तविक धनुर्वाताचे जंतू माती व शेणात असतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. कढईत शिजवलेल्या अन्नातून नव्हे.

गंजातील लोह शरीर फारसे शोषत नाही. स्वच्छ कढईत शिजवलेल्या भाजीत मात्र उपयोगी लोह उतरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा वेळी कढई टाकून कशी चालेल?

गंजावर जाडे मीठ व लिंबाची फोड चोळून काथ्याने घासावे. लगेच धुऊन, पुसून कढई मंद आचेवर कोरडी करावी व कोमट असतानाच तेलाचा पातळ हात फिरवावा. तिच्यात आमटी रात्रभर ठेवू नये. रक्तक्षय असल्यास केवळ कढईवर विसंबू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्याही घ्याव्यात.