देव न मानणारे पोथी का उघडतात?

महाभारत, ज्ञानेश्वरी, बायबल असले ग्रंथ देव न मानणाऱ्या माणसांनी एकत्र बसून वाचायचे ठरवले की दोन्हीकडून भुवया उंचावतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटते, आता पोथीची टर उडवणार. चळवळीतल्या मित्रांना वाटते, वय झाले, हा भजनाला लागला. दोघांचेही समज पक्के असतात आणि त्यांतले बरेचसे ग्रंथ न उघडताच झालेले असतात.

गैरसमज : नास्तिक धर्मग्रंथ वाचतात ते चुका काढायला.

काही जण वाचतातच तसे. पण चुका काढण्याचा उत्साह फार दिवस टिकत नाही. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्याच पुस्तकात माणसाची निर्मिती दोनदा सांगितली आहे आणि क्रम जुळत नाही. पहिल्या अध्यायात आधी पशू, मग माणूस. दुसऱ्यात आधी पुरुष, मग पशू, शेवटी स्त्री. वाद जिंकायला आलेला माणूस 'बघा, विसंगती' म्हणून पुस्तक मिटतो. वाचकाचे काम तिथून पुढे सुरू होते. एका कथेतला देव नुसत्या शब्दाने जग घडवतो, दुसऱ्या कथेतला माती हाताळतो आणि बागेत फिरतो. दोन वेगळे आवाज शेजारी ठेवणाऱ्या संकलकाला ही विसंगती दिसली नसेल? दिसली असणार. मग त्याने दोन्ही का राखल्या, हा प्रश्न चूक सापडण्यापेक्षा कितीतरी रंगतो.

महाराष्ट्रात तर याची उदाहरणे घरचीच आहेत. नांदेडचे नरहर कुरुंदकर उघड नास्तिक. महाभारताचा त्यांचा व्यासंग मोठा होता आणि मनुस्मृतीवरही त्यांनी लिहिले. पहिल्यात ते रमले, दुसरीला त्यांनी विरोध केला, वाचले मात्र दोन्ही तितक्याच बारकाईने. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या पाठशाळेत शास्त्रे शिकले, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले, 'हिंदुधर्माची समीक्षा' करून बसले, तरी धर्मकोशाचे काम त्यांनी सोडले नाही.

गैरसमज : पवित्र ग्रंथाला साहित्य म्हणणे हे पाश्चात्त्य खूळ आहे.

रामायणाला आदिकाव्य आणि वाल्मीकींना आदिकवी म्हणणारे लोक पाश्चात्त्य नव्हते. नवव्या शतकात काश्मीरमधल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त महाभारताचा विचार शास्त्र म्हणून केला तसाच काव्य म्हणूनही केला, आणि त्याचा प्रधान रस शांत ठरवला. एवढ्या लढाया, एवढी प्रेते, आणि रस शांत! पटो न पटो, हा निर्णय वाचकाचा आहे, भक्ताचा नव्हे. वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे सर्वांत काटेकोर नियम ज्या मीमांसकांनी घालून दिले, ते जगाचा कर्ता ईश्वर मानत नव्हते. आणि नास्तिकाचे बोलणे खुद्द रामायणातही आहे. अयोध्याकांडात जाबाली रामाला सरळ सांगतो की परलोक वगैरे काही नाही, परत चल, राज्य कर. राम त्याला खडसावतो हे खरे. पण कवीने जाबालीला बोलू दिले आहे.

गैरसमज : या ग्रंथांत काय आहे ते आपल्याला माहीतच असते.

माझ्या मते सगळ्यांत घट्ट बसलेला समज हाच. श्रद्धावान आणि नास्तिक दोघेही तो सारख्याच निष्ठेने जपतात. आपले महाभारत बहुधा आजीकडून, कीर्तनातून, चित्रकथांतून आणि दूरदर्शनवरून आलेले असते. प्रत्यक्ष ग्रंथ वेगळा निघतो. शिवाय तो एकच नाही. आपल्याकडे रूढ असलेला पाठ मुख्यतः नीलकंठ चतुर्धरांचा. हे सतराव्या शतकातले टीकाकार मूळचे कोपरगावचे, राहायला काशीत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 मध्ये वेगळे काम हाती घेतले. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंतची 1,259 हस्तलिखिते ताडून, सर्वांत जुना म्हणता येईल असा पाठ सिद्ध करायचा. 1925 पासून ते काम विष्णु सीताराम सुकथनकर यांनी सांभाळले. केंब्रिजला गणित शिकलेला आणि बर्लिनमध्ये भाषाशास्त्राकडे वळलेला हा माणूस. 1943 मध्ये ते गेले. आवृत्ती पुरी झाली 1966 मध्ये. सुकथनकर स्वतः नास्तिक नव्हते, हेही सांगितले पाहिजे. काटेकोर वाचनाची मक्तेदारी नास्तिकांकडे कधीच नव्हती.

या संशोधित आवृत्तीत व्यासांचा लेखनिक गणपती मूळ पाठातून परिशिष्टात गेला. मयसभेत 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' असे द्रौपदी म्हणाली, हे तर सगळ्यांना पाठ असते. या पाठात ते वाक्य तिच्या तोंडी नाही. वस्त्रहरणाच्या वेळी तिने केलेला कृष्णाचा धावाही तळटीपांत गेला. वस्त्रे येत राहतात. ती कोण पुरवतो हे तिथे सांगितलेले नाही.

हे ऐकून नास्तिक मंडळी खूश होतात. जरा थांबावे. पुढे उद्योगपर्वात कृष्णच सांगतो की मी दूर असताना कृष्णेने, म्हणजे द्रौपदीने, मला हाक मारली होती आणि ते ऋण माझ्यावर चढत चालले आहे. हा उल्लेख संशोधित पाठातही टिकला आहे. आपल्या सोयीची पाने तेवढी वाचायची, हा रोग काही फक्त भाविकांना होत नाही.

शिवाय चमत्कार बाजूला केला की सभापर्वात खरा पेच समोर येतो. स्वतःला आधी हरलेल्या माणसाला बायको पणाला लावायचा हक्क उरतो का, असे द्रौपदी भर सभेत विचारते. भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, मला उत्तर देता येत नाही. कौरवांतला विकर्ण तिच्या बाजूने बोलतो, कर्ण त्याला गप्प करतो. तिच्या प्रश्नाचा निकाल ती सभा देत नाही. इरावती कर्व्यांनी 'युगान्त' लिहिताना याच संशोधित आवृत्तीचा आधार घेतला होता. मानवशास्त्राच्या त्या अभ्यासकाला माणसे देवांपेक्षा गुंतागुंतीची दिसली यात नवल नाही.

गैरसमज : साहित्य म्हटले की ग्रंथातले क्रौर्य गोड होऊन जाते.

हा धोका खरा आहे. 'काय अप्रतिम शोकांतिका!' म्हणत एकलव्याच्या अंगठ्यावरून पुढे जाता येते. उत्तरकांडातल्या शंबूकाचा वध 'त्या काळाचे चित्रण' म्हणून निकालात काढता येतो. पण ते आळशी वाचन झाले. कथा कोणाच्या तोंडून सांगितली आहे, कोणाला बोलू दिलेले नाही, वध झाल्यावर फुले कोणाच्या बाजूने पडतात, हे प्रश्न साहित्याचेच आहेत. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, ती न वाचता नव्हे. डॉ. आंबेडकरांनी ती बारकाईने वाचली होती. आणि त्यांच्याच 'मूकनायका'च्या शिरोभागी तुकारामांचा अभंग होता, 'बहिष्कृत भारता'च्या शिरोभागी ज्ञानेश्वरांच्या ओव्या. कोणता ग्रंथ जाळायचा आणि कोणता शिरोभागी ठेवायचा, हे वाचल्याशिवाय ठरत नाही.

गैरसमज : श्रद्धा नसेल तर रस कळणार नाही.

अर्धे खरे. पंढरीच्या वाटेवर अभंग म्हणत चाललेल्या माणसाला जे मिळते ते खुर्चीत बसून मिळत नाही. मिळते असा आव आणू नये. पण थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात मराठी ओव्यांत रचलेले, 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेलेले 'क्रिस्तपुराण' आज मराठीचे कितीतरी अभ्यासक वाचतात, आणि त्यांतले सगळे काही ख्रिस्ती नाहीत. ओवी कानाला गोड लागायला बाप्तिस्मा लागत नाही.

गैरसमज : वाचायचेच तर एकट्याने वाचावे, घोळका कशाला?

एकटा नास्तिक बहुधा आपल्या मताला दुजोरा शोधत वाचतो. चारचौघांत मांडलेल्या मताला मात्र कोणीतरी आडवे येतेच. इस्रायलचे पहिले पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन धर्म पाळणारे नव्हते, पण 1950च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या घरी बायबलचे अभ्यासमंडळ भरत असे. इजिप्तमधून बाहेर पडलेले इस्रायली परंपरा सांगते तसे लाखांनी नव्हते, काही शेच असावेत, असे मत त्यांनी 1960 मध्ये मांडले. त्यावर धार्मिक पक्षाने थेट संसदेत अविश्वासाचा ठराव आणला. ठराव फसला.

आपल्याकडे पोथी मोठ्याने आणि चारचौघांत वाचायची, मधे कोणी शंका काढायची, ही रीत जुनीच आहे. ती उचलायला हरकत नसावी. मंडळ काढणार असाल तर सुरुवात गीतेपासून करू नका. तिथे प्रत्येकाचे मत आधीच तयार असते. सभापर्व घ्या, तेही आवृत्ती कोणती ते पाहून. आणि मंडळात मनापासून श्रद्धा असलेला एक तरी माणूस आग्रहाने बोलवा. तुम्ही पाने गाळू लागलात की पहिल्यांदा तोच हटकेल.