स्वामित्वधनाचा दर आणि अल्पसंख्य भागधारक

बहुराष्ट्रीय कंपनीच्या धोरणाचा विचार निघाला म्हणजे नव्या बाजारपेठा, कारखान्यांची स्थाने, कंपन्यांची विलीनीकरणे असे ठळक निर्णय प्रथम डोळ्यांसमोर येतात. तथापि परदेशातील मातृकंपनी आणि तिची भारतातील उपकंपनी यांच्या हितसंबंधांचा खरा कस लागतो तो एका रुक्ष आकड्यात. हा आकडा म्हणजे स्वामित्वधनाचा, अर्थात रॉयल्टीचा, दर होय. तंत्रज्ञान व व्यापारचिन्हे वापरू दिल्याबद्दल उपकंपनी आपल्या विक्रीचा काही टक्के भाग मातृकंपनीला देते. वरवर पाहता हा साधा व्यापारी करार आहे. अडचण एवढीच की, कराराच्या दोन्ही बाजूंवर बहुधा एकाच पक्षाचे वर्चस्व असते.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. उपकंपनीचे ६० टक्के भाग मातृकंपनीकडे व ४० टक्के भाग येथील जनतेकडे आहेत असे समजू. एक रुपया अधिक नफा झाला, तर सुमारे २५ पैसे कंपनीवरील करात जातील. उरलेले ७५ पैसे लाभांश म्हणून वाटल्यास ४५ पैसे मातृकंपनीच्या व ३० पैसे इतर भागधारकांच्या वाट्यास येतील. आता तोच रुपया लाभांशाऐवजी स्वामित्वधन म्हणून दिला, तर तो खर्चात धरला जाईल व त्यावर कंपनीकर लागणार नाही. परदेशी पाठविताना दोन्ही प्रकारच्या रकमांतून १० टक्के कर कापला जातो असे धरल्यास, पहिल्या मार्गाने मातृकंपनीच्या हाती साडेचाळीस पैसे पडतात, दुसऱ्या मार्गाने नव्वद. अल्पसंख्य भागधारकांच्या हाती काहीच पडत नाही. येथील सरकारी तिजोरीचा वाटाही घटतो, आणि १९६५ च्या कायद्याने बोनसची सांगड नफ्याशी घातली असल्याने कामगारही या हिशेबाच्या अगदी बाहेर राहत नाही. कारखाना, माल, गिऱ्हाईक यांपैकी काहीही न बदलता हे सर्व घडते.

पूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण सरकारनेच मर्यादा घालून दिल्या होत्या. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी भांडवलाचा वाटा सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांवर आणावयास लावला. कोका-कोलाने १९७७ मध्ये देश सोडला. हिंदुस्तान लीव्हरने मात्र अग्रक्रमाचे उद्योग व निर्यात यांवर भर देऊन ५१ टक्के भाग मातृकंपनीकडे राखण्यात यश मिळविले. उदारीकरणानंतरही तंत्रज्ञानाकरिता देशांतर्गत विक्रीच्या ५ टक्के व निर्यातीच्या ८ टक्के, आणि नुसत्या व्यापारचिन्हाकरिता अनुक्रमे १ व २ टक्के, याहून अधिक स्वामित्वधन द्यावयाचे झाल्यास सरकारची खास परवानगी लागे. डिसेंबर २००९ मध्ये या मर्यादा उठल्या. सरकार बाजूला झाले, पण त्याची जागा कोणी घ्यावयाची हे त्या वेळी ठरले नाही.

याचा प्रत्यय लवकरच आला. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरने जानेवारी २०१३ मध्ये स्वामित्वधनाचा दर उलाढालीच्या सुमारे १.४ टक्क्यांवरून मार्च २०१८ पर्यंत टप्प्याटप्प्याने ३.१५ टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केले. पुढे एप्रिलच्या अखेरीस युनिलिव्हरने दर भागास ६०० रुपये देऊन आपला वाटा सुमारे साडेबावन्न टक्क्यांवरून ७५ टक्क्यांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव मांडला. प्रत्यक्षात तो ६७ टक्क्यांच्या थोडा वर जाऊन थांबला. स्वामित्वधन वाढविले की लाभांशास पात्र असा नफा कमी होतो, आणि भाग विकत घेतले की त्याच नफ्यातील वाटा वाढतो. या दोन निर्णयांमागे एकच हेतू होता असे म्हणण्यास पुरावा नाही. परंतु १९५६ मध्ये १० टक्के भाग भारतीय जनतेस देऊन सुरू झालेल्या परंपरेकडे पाहता, त्यांची दिशा विचारात घेण्याजोगी आहे.

मातृकंपनीची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. संशोधनशाळांचा खर्च जगभरच्या शाखांनी मिळून उचलावयाचा असतो, आणि तो न देणारी शाखा इतरांच्या खर्चावर जगते. मात्र व्यापारचिन्हाच्या बाबतीत हा युक्तिवाद दुबळा होतो. चिन्ह परदेशातून आले तरी त्याची ख्याती येथे ज्या जाहिरातींनी वाढते, त्यांचा खर्च बहुधा उपकंपनीच करते. शिवाय स्वामित्वधन विक्रीवर आकारले जाते, नफ्यावर नव्हे. मॅगीवरील बंदीमुळे २०१५ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत नेस्ले इंडियाला ६४ कोटी रुपयांहून अधिक तोटा झाला. ती बंदी मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रद्द ठरविली. अशा तिमाहीत लाभांशाचा आधारच नाहीसा होतो. विक्रीवरील देणे मात्र, विक्री घटल्याने कमी झाले तरी, चालूच राहते.

कायद्याने दोन दिशांनी उपाय योजले. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १६६ व्या कलमाने संचालकांवर समग्र सभासदांच्या हिताबरोबरच कामगार, समाज व पर्यावरण यांच्या हिताचेही कर्तव्य घातले. हे शब्द उदात्त आहेत, पण भिन्न हितांचा संघर्ष झाल्यास कोणास झुकते माप द्यावे हे ते सांगत नाहीत. सेबीचा नियम अधिक रोखठोक आहे. स्वामित्वधन एकत्रित उलाढालीच्या ५ टक्क्यांहून अधिक होणार असेल, तर भागधारकांची संमती घ्यावी लागते, आणि त्या ठरावाच्या बाजूने संबंधित पक्षास मत देता येत नाही. बहुमताचा धनी येथे मतदानापुरता मुका होतो.

या नियमाची कसोटी २०२४ मध्ये लागली. नेस्ले इंडियाने ४.५ टक्क्यांचा दर दरवर्षी ०.१५ याप्रमाणे पाच वर्षांत ५.२५ टक्क्यांवर नेण्याचा ठराव मांडला. बासष्ट टक्क्यांहून अधिक भाग असलेल्या स्विस मातृकंपनीस त्याच्या बाजूने मत देता येत नव्हते. मे महिन्यात निकाल लागला तेव्हा ५७ टक्क्यांहून अधिक मते विरुद्ध पडली होती. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या यांसारख्या संस्थांचा विरोध निर्णायक ठरला. विखुरलेल्या लहान भागधारकांकडून हे साधले असते असे वाटत नाही. जूनमध्ये संचालक मंडळाने जुनाच दर चालू ठेवण्याचे ठरविले व जुलैमध्ये भागधारकांनी त्यास संमती दिली.

यावरून अल्पसंख्य भागधारक प्रबळ झाले असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. हिंदुस्तान युनिलिव्हरने जानेवारी २०२३ मध्ये आपला दर २.६५ टक्क्यांवरून तीन वर्षांत ३.४५ टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केले. ही वाढ नेस्लेच्या फेटाळलेल्या वाढीहून किंचित मोठीच होती; पण एकूण दर ५ टक्क्यांच्या आत राहिल्याने स्वामित्वधनाविषयीची ती मर्यादा तिला आडवी आली नाही.