घरातली तालीम आणि मध्यमवर्गीयाचा खिसा

सकाळची लोकल गाठण्यासाठी अंधेरी स्थानकाचा जिना चढताना चाळिशीतल्या कारकुनाला धाप लागते, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. सकाळी सातला घर सोडून रात्री साडेआठला परतणाऱ्या या वर्गाला व्यायामाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. डॉक्टरांनी ते पुरेसे पटवलेले असते. त्याची अडचण वेगळी आहे. जिमला जाण्यास वेळ नाही, वर्षाची वर्गणी एकरकमी भरण्याइतकी शिल्लक नाही, आणि घरी साधने आणावीत तर ती ठेवावयाची कोठे, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न व्यक्तिगत आळसाचा मानून सोडून देण्याजोगा नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, तर १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि त्याखेरीज आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. चालण्याने पहिली अट भागते. दुसरीसाठी काही तरी भार उचलावा, ओढावा वा ढकलावा लागतो. साधनांचा प्रश्न येथे उपस्थित होतो.

महाराष्ट्राने हा प्रश्न एके काळी सामुदायिक रीतीने सोडविला होता. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे, तर दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. तालमीतली माती, मलखांब, मुद्गल, करेला ही भांडवली साधने एकदा उभी राहिली की शेकडो तरुणांच्या कामी येत; माणशी खर्च नगण्य असे. उपनगरे वाढली, पण तालीम त्यांच्या मागून त्या प्रमाणात आली नाही. अंधेरीत महापालिकेचे शहाजी राजे भोसले क्रीडासंकुल आहे. परंतु के-पूर्व आणि के-पश्चिम या दोन विभागांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १५ लाखांवर होती. एका संकुलाने एवढ्या वस्तीची गरज भागावी ही अपेक्षाच अवास्तव होय. जे भांडवल पूर्वी गावाचे होते, ते आता प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्रपणे उभे करावे, अशी ही अवस्था आहे.

येथे खरेदीदाराचा हिशेब बहुधा चुकतो. तो यंत्राची किंमत पाहतो, जागेची पाहत नाही. वापरण्याची मोकळीक धरता ट्रेडमिल सुमारे २० चौरस फूट जागा अडविते. चौरस फुटाचा दर २५ हजार रुपये धरला तर ही जागा पाच लाखांची होते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मिळणाऱ्या ३०० चौरस फुटांच्या घरात तर ती घराचा पंधरावा हिस्सा व्यापील. असे यंत्र दोन महिन्यांत कपडे वाळत घालण्याच्या कामी येते, यात त्या गृहस्थाचा दोष थोडा आणि त्याच्या घराचा अधिक असतो.

तेव्हा स्वस्त साधन म्हणजे कमी किमतीचे साधन नव्हे, तर कमी जागेत मावणारे आणि रोज वापरले जाणारे साधन. रबरी पट्टे खुंटीला टांगता येतात. बिडाचे डंबेल किलोच्या भावाने मिळतात आणि पिढ्यान्‌पिढ्या झिजत नाहीत. सिमेंट भरलेले प्लॅस्टिकचे डंबेल स्वस्त पडतात, पण तेवढ्याच वजनाला आकाराने मोठे असतात आणि आपटले की तडकतात. जोर आणि बैठकांना तर सतरंजीएवढी जागा पुरते. हौस ओसरलेल्यांची जवळजवळ नवी यंत्रे जुन्या बाजारात निम्म्या किमतीच्या आसपास मिळू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

परंतु सारा भार ग्राहकाच्या शहाणपणावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. वस्तू व सेवा कर जुलै २०१७ मध्ये लागू झाला, तेव्हा व्यायामसाधनांवर २८ टक्के कर होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो १८ टक्क्यांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून क्रिकेटची बॅट, फुटबॉल आदी खेळसाहित्यावरचा कर ५ टक्के झाला आणि जिमच्या सेवेवरचाही १८ वरून ५ टक्क्यांवर आला. सर्वसाधारण व्यायामाची साधने मात्र १८ टक्क्यांतच राहिली. म्हणजे वातानुकूलित जिममध्ये जाणाऱ्याला ५ टक्के आणि घरी डंबेल उचलणाऱ्याला १८. दहा हजारांच्या साधनावर हा फरक १,३०० रुपयांचा होतो. ज्याला जिम परवडत नाही त्यानेच अधिक दराने कर भरावा, हे करसमतेच्या कोणत्या तत्त्वात बसते?

यावर असे म्हटले जाईल की, या वर्गात महागडी विलासी यंत्रेही मोडतात. आक्षेप खोटा नाही. मग ठराविक किमतीच्या आतील साधनांवर ५ टक्के आणि त्यावरील साधनांवर १८ टक्के अशी विभागणी करता येईल. पादत्राणे आणि तयार कपडे यांच्या बाबतीत किमतीनुसार निरनिराळे दर आहेतच. नव्याने काही शोधून काढावयाचे नाही.

दुसरा उपाय सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या हाती आहे. वीस बिऱ्हाडांनी वीस यंत्रे घेऊन ती अडगळीत टाकण्यापेक्षा संस्थेच्या खोलीत दोन चांगली यंत्रे व डंबेलांचा एक संच ठेवला, तर दर बिऱ्हाडाचा वाटा एखाद्या महिन्याच्या देखभाल वर्गणीपेक्षा फारसा अधिक होणार नाही. मार्च २०२० मध्ये जिम बंद झाल्या, त्या राज्यात दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या. त्या सात महिन्यांत घरातल्या चार वस्तूंची किंमत अनेकांना कळली.

औषधांवर दरमहा होणारा खर्च निमूटपणे सोसला जातो, कारण तो टाळता येत नाही. व्यायामाचा खर्च टाळता येतो, म्हणून तोच प्रथम टाळला जातो. हा क्रम उलटावयाचा असेल, तर आरोग्याच्या साधनांना चैनीच्या वस्तूंप्रमाणे वागविणे प्रथम थांबवावे लागेल.